माझ्या पश्चात भिंत ओली ठेवण्याबाबत

मी, तसबिरींना लाकडी चौकटी करण्याचा व्यवसाय आयुष्यभर केलेला, इयत्ता चौथी उत्तीर्ण (पहिल्याच प्रयत्नात), वयाने वृद्ध परंतु बुद्धीने शाबूत, हे मृत्युपत्र स्वहस्ते व सुवाच्य अक्षरात लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. सूनबाई मधूनमधून डोकावून "अजून झालं नाही का, बाबा?" असे विचारतात, त्यास दडपण समजू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नाही, कारण मरण्याचा माझा विचार नव्हता. तो आजही नाही. परंतु भिंतीची व्यवस्था लावणे भाग आहे.

कलम १. वडिलांनी बांधलेल्या घराचा तळमजला माझा असून वरचा मजला माझ्या धाकट्या भावाचा आहे. तळमजला मी माझ्या चिरंजीवास देत आहे. मात्र पुढच्या खोलीतील खिडकीशेजारची ओली भिंत त्यातून वगळली आहे. ती भिंत मी, दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणाऱ्यांच्या महाविद्यालयातील तीन विद्यार्थ्यांस, त्यांचे संशोधन पुरे होईपर्यंत देत आहे.

हे ऐकून चिरंजीव म्हणाले, "बाबा, भिंत वेगळी कशी देणार? ती घराला चिकटलेली आहे."

मी म्हणालो, "तूही मला चिकटलेला होतास. तुला वेगळा केलाच ना?"

चिरंजीवांस त्या भिंतीचा गिलावा खरवडून तेथे चकचकीत फरश्या बसवायच्या आहेत, हे मला ठाऊक आहे. नमुन्याची फरशी त्यांनी कपाटामागे दडवली आहे. ती मी पाहिली आहे. रंगही वाईट आहे.

कलम २. भिंतीचा पूर्वेतिहास. सदर भिंतीवर धाकट्याच्या न्हाणीघरातील पाणी झिरपते. डाव्या अंगाला अंघोळीचे साबणाचे पाणी येते, उजव्या अंगाला त्याच्या पिंपातले स्वच्छ. या कारणावरून आम्हा दोघा भावांत पुष्कळ वर्षे अबोला होता. तो अंघोळीला बसला की मी खालून काठीने छत ठोकत असे, आणि तो वरून आणखी एक तांब्या ओतत असे. एवढेच आमचे बोलणे.

पुढे त्या महाविद्यालयातील जीवशास्त्राच्या बाई एका तसबिरीसाठी आल्या आणि तसबीर विसरून भिंतीवरच्या शेवाळाकडे पाहत राहिल्या. दुसऱ्या खेपेस त्या तीन विद्यार्थ्यांसह आल्या: एक बसची कंडक्टरीण, एक बेकरीत पाव भाजणारा, आणि एक इस्पितळातील आया. तिघेही संसारी. बाईंनी सांगितले की शेवाळात पाणअस्वले नावाचे सूक्ष्म प्राणी राहतात. भिंत वाळली की ती आक्रसून निपचित पडतात आणि पाणी मिळाले की पुन्हा हातपाय हलवू लागतात. परंतु साबणाच्या पाण्यावर वाढलेली तशी उठतात किंवा नाही, हे या तिघांनी शोधून काढायचे होते.

मी विचारले, "आणि उत्तर काय आहे?"

बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही, काका."

"शिकवणाऱ्याला उत्तर माहीत नाही?"

"कोणालाच माहीत नाही. माहीत असतं तर तुमच्या भिंतीला कशाला त्रास दिला असता?"

आमच्या चौथीच्या वर्गात गुरुजींना सर्व काही माहीत असे; माहीत नसेल तेव्हा ते छडी काढीत. सबब बाईंबद्दल माझे मत प्रथम प्रतिकूल होते. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून एक पाणअस्वल दाखवले, तेव्हा माझे मत बदलले. गोल पोट, आखूड पाय, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. हुबेहूब आमचा धाकटा, अंघोळीवरून उठताना. पाय मात्र आठ.

कलम ३. चौकटी. विद्यार्थ्यांनी भिंतीवर खडूने चौकोन आखले होते. ते वाकडे होते. मला रात्री झोप येईना. मी सागवानी पट्ट्यांच्या, सोनेरी काठाच्या चौकटी करून प्रत्येक चौकोनाभोवती ठोकल्या. वार्निश न लावण्याची अट बाईंनी घातली. ती मी पाळली, पण मनातून नाही. तेव्हापासून घरी येणारे शेवाळापुढे उभे राहून हळू आवाजात विचारतात, "कोण होते हे?" या चौकटी भिंतीसोबत जातील. त्यात कोणीही फोटो लावू नये. माझाही लावू नये.

कलम ४. घात. माझ्या वाढदिवशी धाकट्याच्या मनात बंधुप्रेम उचंबळून आले. मला न सांगता त्याने प्लंबर बोलावला, फरशी फोडून गळती कायमची बंद केली आणि खाली येऊन म्हणाला, "दादा, झालं गेलं सोडून दे. आता तुझी भिंत कोरडी!"

इतक्या वर्षांत त्याने माझे ऐकले ते नेमके त्या वेळी.

शेवाळ तपकिरी झाले, आणि ते पुन्हा भिजवणारे पाणीच उरले नाही. आया खुर्चीत बसून राहिली. पाववाला चौकटीजवळ तोंड नेऊन फुंकर घालू लागला. कंडक्टरीण म्हणाली, "आमची बस शेवटच्या थांब्याच्या आधीच बंद पडली, काका."

प्लंबरला पुन्हा बोलावले. तो म्हणाला, "मी गळती बंद करतो. काढून देत नाही. उद्या लोक काय म्हणतील?" शेवटी धाकट्याने स्वतः पहार घेतली. मी खालून काठीने जागा ठोकून दाखवत होतो, तो वरून पहार घालत होता. त्यानंतर त्याने अशी अंघोळ केली की पूर्वी कधी केली नसेल. गातही होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन्ही अंगांचे शेवाळ काचेवर घेतले. स्वच्छ पाण्याची अस्वले तुरुतुरु चालत होती. साबणाची निपचित. एवढ्यात आया किंचाळली, "उठलं! पाय ताणतंय!" उशिरा, पण साबणाचीही उठली. मी त्या वेळी रडलो, असे पाववाला सर्वत्र सांगतो. ते खोटे आहे. मी सूक्ष्मदर्शकात फार वेळ पाहत होतो.

मी म्हणालो, "मिळालं उत्तर."

बाई म्हणाल्या, "एकदा झालं म्हणजे झालं असं नाही, काका. पुन्हा पुन्हा व्हायला हवं. तोवर हे तिघं शास्त्रज्ञांपुढे उभे राहू शकत नाहीत."

कलम ५. ताकीद. सबब माझ्या पश्चात भिंत आळीपाळीने ओली व कोरडी राहिली पाहिजे. ओल्या पाळीत धाकट्याने वर अंघोळ करावी. साबण बदलू नये. तो सुगंधी साबणाकडे वळत असल्याची कुणकुण मला लागली आहे. कोरड्या पाळीत त्याने पिंप रिकामे ठेवून खाली माझ्या न्हाणीघरात अंघोळीस यावे, आणि सूनबाईंनी त्यास गरम पाणी द्यावे. तो गाऊ लागल्यास सहन करावे. मी केले आहे.

वकील म्हणाले, "मृत्युपत्रात अंघोळ बसत नाही." मी त्यांना विचारले, "तुम्ही करता ना?" त्यानंतर त्यांनी हरकत घेतली नाही.

कलम ६. किरकोळ. बँकेतील शिल्लक सूनबाईंस, चिरंजीवांस न विचारता खर्च करण्याकरिता. काटकोन तपासण्याचा माझा गुण्या कंडक्टरणीस, कारण चालत्या बसमध्ये सरळ रेघ मारणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही. लाकूड जोडायच्या सरसाचे भांडे पाववाल्यास. त्यात कणीक मळू नये. पडवीतली आरामखुर्ची आयेस, कारण ती बसून झोपू शकते. उरलेले सागवान बाईंस. त्यांना ज्याचे उत्तर माहीत नाही असे पुष्कळ काही असेल. त्याला चौकट लागेलच.

कलम ७. प्लंबरास व धाकट्या भावास मी काहीही देत नाही. वकिलांच्या सांगण्याप्रमाणे, ज्यास काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. धाकटा म्हणाला, "दादा, मग मला थोडं काहीतरी दे आणि साक्षीला दुसरा बघ." ते होणे नाही. मला साक्षीला तोच हवा आहे.

वर लिहिलेले मी स्वतः दोनदा वाचले. शुद्धलेखनाची चूक आढळल्यास ती शाईची समजावी.

(सही) चौकटवाले काका
स्थळ : ओल्या भिंतीसमोर
दिनांक : रविवार, ओल्या पाळीचा, वरची अंघोळ आटोपल्यावर

साक्षीदार पहिला : (सही) प्लंबर. शेरा : मी केलेले काम पक्के होते, याची नोंद व्हावी.

साक्षीदार दुसरा : (सही) धाकटा भाऊ. शेरा : वाचले. मान्य. साबण तोच ठेवीन. पण दादा, मीच आधी गेलो तर?

त्याखाली, मृत्युपत्रकर्त्याच्या हस्ताक्षरात : तशी परवानगी नाही.