दहाव्या माणसासाठी उतार

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत पिंपळझरी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

विषय : समाजमंदिरापुढील उतार न पाडता ग्रामपंचायतीच्या नावे नोंदवून घेण्याबाबत.
संदर्भ : आपली विनापरवाना बांधकामाची नोटीस, दि. ८ डिसेंबर २०२५.

महोदय,

अर्जदार रूबेन एलिजा झिराडकर, वय एकसष्ट, याचे आजोबा कोकणातून येथील जिनिंगमध्ये फिटर म्हणून आले. गावात ज्यू धर्माचे हे एकच घर. अर्जदार मोबाईल दुरुस्त करतो व लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर असतो. तरी हकीकत सादर की,

१) वडिलांच्या स्मृतिदिनी कद्दिश ही प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष एकाच खोलीत लागतात. दरवर्षी ठाणे-नागपूरचे बारा-तेरा नातलग समाजमंदिरात जमत आणि अर्जदार पाच पायऱ्यांखाली बसून 'आमेन' म्हणत असे. यंदा ३० नोव्हेंबरला आले नऊच. दहावा अर्जदार. त्याच्यावाचून कोणाचे अडण्याची ही उभ्या आयुष्यातील पहिलीच वेळ. खोटे का लिहावे, त्याला बरे वाटले.

२) ठाण्याचे चुलतभाऊ हॅसकेल म्हणाले, "दादा, आम्ही तुला उचलून नेतो." अर्जदार म्हणाला, "कापसाच्या गाठीसारखा उचलू नको मले. माणूस म्हणून मोजून राह्यले नं? मंग मी माह्या चाकावर येतो."

३) समोरच्या घराच्या कामावर गोपाल मिस्त्री होता. "काका, चार घंटे द्या मले," एवढेच तो बोलला. त्याने मुरूम टाकून वर फरश्या बसवल्या. शेजारच्या भागीरथाबाईंनी पाणी मारले. पाहुण्यांनी प्रार्थनेच्या टोप्या डोक्यावर तशाच ठेवून घमेली वाहिली. दुपारी तीनला अर्जदार एका दमात वर गेला. कद्दिश झाली. मग आनंदाने पोहे-खोबऱ्याचा मलिदा केला, तो गावानेही खाल्ला.

४) तेव्हापासून भागीरथाबाई गुडघा न धरता महिला मंडळाच्या बैठकीला जातात, गल्लीतल्या अंजूची जुळी बाळे बाबागाडीतून तेथील लसीकरणाला जातात. शेळ्याही चढतात, हे नोटिशीतील म्हणणे मान्य आहे. परंतु शेळ्या पायऱ्याही चढत होत्या. नोटिशीत पुढे 'केवळ एका व्यक्तीच्या सोयीसाठी' असे म्हटले आहे. त्या एका व्यक्तीवाचून नऊ जण खोळंबले होते, याची नोंद व्हावी.

५) सबब नोटीस मागे घ्यावी. पाडणेच भाग असल्यास पायऱ्याही पाडाव्यात, म्हणजे सर्व गाव सारखेच खाली राहील.

अर्ज देण्यास अर्जदार स्वतः आला आहे. कार्यालयास तीन पायऱ्या असल्याने अंगणात बसला आहे. पोच देण्यास कृपया बाहेर यावे. सोबत गोपाल मिस्त्री मापाची टेप घेऊन आहे. घाई नाही.

आपल्या अंगणात थांबलेला,
रूबेन एलिजा झिराडकर
पिंपळझरी, दि. १२ डिसेंबर २०२५

सोबत : १. नोटिशीची प्रत. २. गावकऱ्यांच्या १८५ सह्या (शेळ्यांचे मालक कैलास यांच्यासह).

कार्यालयीन शेरा : खाली येऊन अर्ज स्वीकारला. नोटीस रद्द. उतार नोंदवून घ्यावा. मिस्त्रींकडून कार्यालयाच्या पायऱ्यांचेही माप घेतले.