दिवसाला दोनच पोस्ट

४ ऑगस्ट

चि. खारूताईस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, प्रकृती ठणठणीत आहे. तुझ्या पाव भाजणाऱ्यांच्या ग्रुपवर माझ्या आजच्या दोन्ही पोस्ट सकाळच्या चहाआधीच संपल्या, म्हणून कागद काढला. ग्रुपची ॲडमिन सख्खी भाची, आणि कुलूप मामाच्याच तोंडाला! याला म्हणतात घरचा आहेर.

अगं, जन्मभर बेकरी चालवली. कुणाचं पीठ का फुगत नाही, हे मला नुसता फोटो बघून कळतं. लोक विचारतात, मी सांगतो. त्यात कुणाचं काय जातं? बेकरी विकली, पाठोपाठ तुझी मामी गेली. दिवसाला दोन पोस्टचा तुझा नवा नियम सगळ्यांना सारखा, कबूल. पण बाकीच्यांना घरात बोलायला माणसं आहेत. मी जड होत असेन तर सरळ सांग, ग्रुप सोडतो.

जावईबापूंना आशीर्वाद.
रुसलेला, तरी तुझाच,
मामा

९ ऑगस्ट

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ग्रुप सोडायचं नाव काढलंत तर बोचकं घेऊन तुमच्याकडेच राहायला येईन, मग बसा माझी बडबड ऐकत.

तुमच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण प्रश्न पडला रे पडला की तुमचं उत्तर हजर, आणि तेही बिनचूक. मग दुसऱ्यानं बोलायचं काय? चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एक बाई आहेत. कित्येक महिने नुसत्या वाचायच्या. नियम झाल्यावर परवा पहिल्यांदा लिहित्या झाल्या. मला म्हणाल्या, मामांसारखा जाणता माणूस असताना आपण कशाला तोंड उघडायचं, असं वाटायचं.

तुम्हाला सूट देणं माझ्या हातात आहे. पण दिली तर त्या पुन्हा गप्प होतील. म्हणून नियम राहील, मामा. रोज संध्याकाळी मी फोन करीन, तिथे हवं तेवढं बोला.

राग ओसरला की माया तेवढी शिल्लक ठेवा.
तुमची,
खारूताई

१७ ऑगस्ट

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवर सांगणं जमेना, म्हणून लिहितो. परवा ग्रुपवर मी उत्तर दिलं नाही, प्रश्न विचारला. लिहिलं, की आयुष्यभर शेकड्यानं पाव भाजले, पण एका माणसापुरतं पीठ किती घ्यायचं ते मला ठाऊक नाही. तुझी मामी गेल्यापासून घरात पाव भाजलेलाच नाही.

केवढे बोलले गं सगळे! कुणी मापं दिली, कुणी फ्रीजमध्ये ठेवायच्या युक्त्या. त्या चष्म्यावाल्या बाईंनी लिहिलं, एकापुरतं मळूच नका. दोघांपुरतं मळा आणि कुणाचं तरी दार वाजवा.

काल मळलं. गरम पाव फडक्यात गुंडाळून वरच्या मजल्यावर गेलो. तिथे निवृत्त बसड्रायव्हर एकटेच राहतात. इतकी वर्षं जिन्यात आम्ही नुसती मान हलवायचो. त्यांनी लोणी काढलं, खुर्ची पुढे केली आणि असे काही बोलायला लागले, की मला मध्ये शब्द घालायला फट सापडेना! पाव संपेपर्यंत ऐकत बसलो. उद्या पुन्हा बोलावलंय.

नियम राहू दे. आणि अशीच माझ्यावर हक्क गाजवत राहा.
तुझा,
मामा