पाटीवर मामाचं नाव

मंगळवार, २१ जुलै
आठ महिने वहीला हात लावला नाही. आळस, दुसरं काय. पिरेयस बंदरात खानावळीची ताटं धुतली, क्रीटमध्ये ऑलिव्ह झोडले, मग नुसतीच भटकले. आज बोटीनं गावी आले. पिशवीसकट थेट म्युझियमवर — मंगळवार, बंद! मग पोहत बसले.

२२ जुलै
दोन खोल्या, फुटके रांजण, आणि खिडकीपाशी ती. संगमरवरी डोकं, नाक उडालेलं. बाबाच्या मासेमारीच्या जाळ्यात आली होती. खाली पाटी : ‘सुपूर्द करणारे — पान्देलीस मावरोस’. माझा सख्खा मामा!

बाबा ती सरकारात देणारच होता. होडीत दोरांखाली ठेवली होती. मामानं परस्पर उचलून नेऊन दिली. त्याच्यासाठी बँड वाजला, बाबाला गावानं चोर म्हटलं. बाबा मालवाहू जहाजावर निघून गेला, तो गेलाच. सहा वर्षं.

राखणीला अजून एव्दोकियाकाकूच. मी त्यांच्याकडेच उतरलेय. “काचेला नाक लावू नकोस, आत्ता पुसलीय. तुझा मामा येतो दर रविवारी. पाटीपुढं उभा राहतो.”
मिरवायला.
“राग गिळ, पोरी.”
“चावायला आलेय, काकू.”

२४ जुलै
काकूंच्या मांजरीला पिल्लं झाली. एकाचं नाव पान्देलीस ठेवलं. मग पिल्लाचीच दया आली.

२५ जुलै
मामा कॉफीच्या दुकानात भेटला. “वाळलीस गं. सोमवारी जेवायला ये.”
“येणारच. तुझ्या नावाच्या संताचा दिवस. त्या दिवशी दार सगळ्यांना उघडं असतं ना?”
“असतं. तुला जरा जास्तच.”
हस मामा, हस. पेले वर झाले की उभी राहणार. पाद्री, सरपंच, सगळ्यांदेखत — चोर तू. बाबानं सोडलं तसं त्यानंही गाव सोडावं.

२७ जुलै, दुपार
अंगण भरलंय. कोकरू भाजतंय. मामाचा पत्ता नाही. मामीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. “तुझं तोंड बघितलं म्हणून सांगते. बाबानं शपथ घातली होती, पोरीला कळू द्यायचं नाही. त्या डोक्याला गिऱ्हाईक त्यानंच ठरवलं होतं. पोलिसांना कुणकुण लागली. ह्यांनी आधी नेऊन दिलं, म्हणून तो तुरुंगातून वाचला.”
खोटं. साफ खोटं. बोलायचं ते बोलणारच.

त्याच दिवशी, थोड्या वेळानं
काकू धापा टाकत चढ चढून आल्या. “पोरी, तुझा बाप उतरलाय बोटीतून. बॅग पान्देलीसच्या खांद्यावर आहे.”