ओला दगड

तीर्थरूप मामा,

हेही पत्र टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

आमच्या खाणकंपनीच्या पत्रकातला माझा फोटो तुम्ही दुकानात लावला होतात. माझ्या हातात जमिनीतून काढलेला लांबट दगड आणि त्यात चमचमणारं निकेल. "आमच्या भाचीनं शोधलंय," असं कपडे शिवायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात. कंपनीचा शेअर रोज वर चढत होता. मग दोन्ही मशीनसकट दुकान विकून तुम्ही शेअर घेतलेत, मला एका शब्दानं न विचारता. विचारलं असतंत तरी मी बोलले असते का? नोकरी नवी होती, आणि साहेबांनी तोंड बंद ठेवायला बजावलं होतं.

मामा, फोटोआधी आम्ही दगडावर पाणी मारतो. ओला दगड चमकतो, सुकला की राखाडी दिसतो. निकेल होतं, पण वीतभरच. आधी जमिनीत पाडलेल्या अकरा भोकांत नुसता दगड निघाला होता. हे सगळं ठाऊक असून मी फोटोत दात काढून हसले.

आता शेअर मातीमोल झालाय. काल मामी फोनवर सांगत होती, मी दिलेला दगडाचा तुकडा तुम्ही रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसता आणि तिला हाक मारता, "अगं बघ, आहे अजून!"

मग तिनं हळूच विचारलं, "खरंच आहे का गं?"

मी म्हणाले, "आहे."

तुमच्या मशीनपाशी चिंध्या वेचत वाढलेली,
भाची