अबांचा चेहरा

३ डिसेंबर

दुपारी डोंगरावरच्या बंगल्यावर पोचलो. एवढी मऊ गादी जन्मात पाहिली नव्हती. आमच्या नाटकमंडळीत मी म्हातारे राजे करतो. उभं आयुष्य ट्रकच्या फळ्यांवर, नाहीतर पॅगोडाच्या ओसरीवर झोपून गेलं. परवा लष्कराची जीप दारात उभी राहिली, तेव्हा बायकोने, तिन म्याने, आधी पिशवीत घोंगडी कोंबली. तुरुंगात थंडी फार, असं तिने ऐकलं होतं. पण कर्नल म्यात मिन यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा पाजला. अबांना जरा खोकला झालाय, बरे होईपर्यंत त्यांच्या जागी गाडीत बसून लोकांना हात दाखवायचा, एवढंच काम.

माझं तोंड अबांसारखं आहे हे मला ठाऊक होतं. एका जत्रेत मी रंगमंचावर आलो आणि पहिल्या रांगेतला फौजदार ताडकन उभा राहिला होता. सारा देश आपल्या या सत्ताधीशाला अबा, म्हणजे बाप, म्हणतो. कुणी प्रेमाने, बाकीचे सवयीने.

इथलं घरकाम दॉ सेन नावाच्या बाई बघतात. त्यांनी माशाच्या रश्श्यातल्या शेवया वाढल्या, वर कुरकुरीत भजी. मला त्याही मंडळीतल्या पोरांसारखं साया, म्हणजे मास्तर, म्हणू लागल्या. ‘पोटभर खा, साया,’ म्हणाल्या, ‘सुकलेला राजा कुणाला आवडत नाही.’

५ डिसेंबर

डावा खांदा थोडा खाली टाकून चालायचं. बोलण्याआधी ओठ चाटायचे. हसायचं नाही. दिवसभर हाच सराव. अबांची मुलगी न्वे यी येऊन मला चहूबाजूंनी न्याहाळून गेली, बाजारात बैल बघतात तशी. नाक जाड आहे, असं कर्नलना म्हणाली. कर्नल म्हणाले की गाडीच्या काचेतून चालून जाईल. दोघं एकमेकांशी फार गोड बोलतात. पण तिचे शिपाई बंगल्याच्या पूर्वेला, कर्नलचे पश्चिमेला, आणि स्वयंपाकघरंसुद्धा दोन.

अबा कसे आहेत, असं मी जेवताना सहज विचारलं. सगळ्यांचे चमचे थांबले.

८ डिसेंबर

साखर कारखान्यापर्यंत गाडीतून फेरी झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं वाकलेली, जणू वारं शेतावरून जातंय. मी हात हलवला. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

परतताना ड्रायव्हर पुटपुटला की गावात पैजा लागल्यात, पुढे गादीवर मुलगी की कर्नल. मग आरशात माझ्याकडे पाहिलं आणि जीभ चावली. मी कोण आहे हे त्याला सांगितलं आहे की नाही, कोण जाणे. उरलेली वाट त्याची मान घामाने निथळत होती.

११ डिसेंबर

आज खरे अबा पाहिले. आवाजाची लकब कळावी म्हणून न्वे यीने नेलं. पण आवाजच उरलेला नाही. अर्धं तोंड लोंबलेलं, मानेवर काळेनिळे डाग, घशातून नुसती घरघर. पुढे कोण, हे ते आता सांगू शकत नाहीत, आणि आधी कधी कुणाला सांगितलेलं नाही. स्वतःनंतरही काही असेल, हे त्यांना मान्यच नव्हतं म्हणे.

त्यांनी मला पाहिलं. मी वाकून नमस्कार केला. आणि हा माणूस, ज्याच्या नुसत्या नावाने गावं रिकामी होतात, तो चादर तोंडावर ओढून लहान मुलासारखा कण्हायला लागला. स्वतःचाच चेहरा पायाशी उभा पाहून त्यांना काय वाटलं असेल?

जेवण गेलं नाही.

१३ डिसेंबर

सकाळी न्वे यीने बोलावलं. टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे बसून म्हणायचं, माझ्यानंतर माझी मुलगी. दुपारी कर्नलनी बोलावलं. म्हणायचं, माझ्यानंतर म्यात मिन. दोघांनीही माझ्या बायकोची प्रेमाने चौकशी केली. दोघांनाही आमच्या घराचा रस्ता पाठ आहे.

दॉ सेनना विचारलं, काय करू. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘दोघांनाही हो म्हणा, साया. नाही म्हणणाऱ्याला इथं खोली मिळत नाही. खड्डा मिळतो.’

दोघांनाही हो म्हणालो.

१५ डिसेंबर

बर्फाचा ट्रक आला. नंतर दुसरा. थंडीत बर्फ कशाला?

अबांच्या खोलीत सूप जातं, तसंच परत येतं. डॉक्टर दिसत नाहीत. कुणी काही विचारत नाही. मीही नाही.

१६ डिसेंबर

दॉ सेन कपडे वाळत घालता घालता हळूच बोलल्या. अबा परवाच गेले. अंग फुगलं, तोंड काळं पडलं, ओळखू येत नाही. विष म्हणावं तर कुणाचं? दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. डॉक्टरला घेऊन गेले.

मेल्याचं कुणीच म्हणत नाही. जो पहिला म्हणेल, त्याने मारलं असं ठरेल.

१७ डिसेंबर

आज दोघं एकत्र आली. हसत. एकाच सोफ्यावर बसली. तडजोड झालीय. गादी मुलीला, फौज कर्नलला. भांडत होती तेव्हा मला एवढी भीती वाटली नव्हती.

कॅमेऱ्यापुढे बसलो. ओठ चाटले. सांगितलं तसं, शब्दाला शब्द म्हटलं. एकदा वाटलं, भलतंच काही बोलून टाकावं. तिन म्या आठवली.

झाल्यावर विचारलं, आता घरी जाऊ ना? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कर्नल म्हणाले, ‘काम अजून थोडं बाकी आहे.’

१८ डिसेंबर

शिंपी आला. नवा गणवेश शिवायचाय. मापं घ्यायला मला आडवं व्हायला सांगितलं. उभ्या माणसाची मापं आडवं करून—

मागच्या अंगणात काचेचं झाकण असलेली पेटी उतरवलीय. दॉ सेननी सांगितलं, परदेशी पाहुणे येणार, लोक रांगेने दर्शन घेणार. चेहरा धड हवा. तो काळा चेहरा दिसला तर लोक विचारतील, विष कुणी घातलं.

१८, दुपार

फाटकापर्यंत गेलो. पळत. दोन्हीकडच्या शिपायांनी खाडकन सलाम ठोकला. मी ओरडलो, मी नट आहे, फाटक उघडा. एक जण गुडघ्यांवर बसला. डोळ्यांत पाणी. ‘अबा, बाहेर थंडी आहे. आत चला.’ त्याने मला उचलून आणलं. अगदी जपून.

त्याला खरंच वाटत होतं—

१९ डिसेंबर

सकाळ. रेडिओवर सनई. मग बातमी. अबा आज पहाटे झोपेत शांतपणे गेले. उद्यापासून दर्शन.

मी खिडकीत बसून ऐकतोय. गणवेश अंगावर चढवलाय. नीट बसतो.

दॉ सेननी दाढी केली. कुठेही कापलं नाही. मी म्हटलं, तिन म्याला निरोप द्या. त्यांनी ऐकलं नाही, की ऐकून— पायाशी बसल्या, कपाळ जमिनीला टेकवलं. म्हणाल्या, ‘अबा, आम्हाला क्षमा करा.’

‘साया’ म्हणाल्या नाहीत. मी म्हटलं, दॉ सेन, मी, माझं नाव तरी—

दोघं आलीत. दारात. बरोबर नवा डॉक्टर. न्वे यी रडतेय, खरी रडतेय, मला बघून बाबा म्हण—