खडूच्या रेघेआत

५ जानेवारी

आले एकदाची! घर विकलं, नवऱ्याचे, रॉसचे, सूट त्याच्या भावाला दिले, मांजर शेजारणीच्या गळ्यात मारलं आणि ऑस्ट्रेलियातल्या मॅली भागातल्या या धुळकट गावात, गव्हाच्या कोठारांमागच्या कॅरॅव्हॅन पार्कात येऊन थडकले. माझी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, साठच्या दशकातली आहे. प्लायवुडची, गोल नाकाची, पोटावर पिस्ता रंगाचा पट्टा. पाहताक्षणी जीव जडला. जन्मभर शाळेची बस चालवून दुसऱ्यांची पोरं घरी पोचवली, आता स्वतःला पोचवायचं आहे.

बेत असा की ईस्टरपर्यंत हिची डागडुजी करायची आणि समुद्राकाठी लेकीच्या, केरिनच्या अंगणात नेऊन उभी करायची. रॉसला पुरल्यापासून आम्ही मायलेकी धड बोललो नव्हतो. नाताळात तिने आपणहून फोन केला. ये आई, म्हणाली, अंगणात जागा आहे. घरात आहे असं नाही म्हणाली, पण अंगण तर अंगण.

पार्कचा रखवालदार क्लेम सत्तरी ओलांडलेला आणि तोंडाने फटकळ आहे. कॅरॅव्हॅनभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ओढ की खुशाल. चाकं पोचतील समुद्रावर. भिंती राहतील इथंच." मग संध्याकाळी तोच मटणाची पॅटी घेऊन आला. बरा आहे माणूस.

९ जानेवारी

जुन्या कॅरॅव्हॅनचं दुखणं वरून दिसत नाही. छपराच्या सांध्यातून पाणी शिरतं, भिंतीच्या पोटातून खाली उतरतं, आणि वरचा रंग आपला हसत उभा. म्हणून बोटाच्या पेराने भिंत ठोकत जायचं. चांगलं प्लायवुड खणखणीत बोलतं, सडलेलं बसक्या आवाजात. बसकं लागलं की तिथे खडूने रेघ ओढायची.

पलंगाजवळची भिंत संपवून मागे सरले आणि हसूच आलं. रेघ थेट कुशीवर निजलेल्या माणसाची, गुडघे पोटाशी घेतलेले. क्लेमला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, आयव्ही तिथेच झोपायची. आयव्ही म्हणजे हिची आधीची मालकीण. कित्येक वर्षं एकटी राहिली, कोणी यायचं नाही, जायचं नाही. बंद खोलीतला श्वास भिंतीत मुरतो, त्याचीच ही ओल. गेल्या वर्षी कुठलासा भाचा उगवला आणि तिला घेऊन गेला. रोज सकाळी क्लेम तिला पाव नेऊन द्यायचा, पण जाताना तिने त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. हे सांगताना त्याने टोपी काढून उगीच झटकली.

१२ जानेवारी

काहीतरी घोळ घातला आहे मी. पलंगाजवळची भिंत आज खणखणीत वाजते. बसका आवाज वर सरकलाय. निळ्या खडूने पुन्हा रेघ ओढली तर पाय सोडून बसलेलं माणूस झालं. हिवाळ्यानंतर इथे पावसाचा टिपूस नाही, पार्कची पावसाच्या पाण्याची टाकी कोरडी, बाहेर नुसती भट्टी. ओल सरकायला पाणी तरी कुठून येणार? उन्हाने माझ्याच कानात दडे बसले असतील.

१७ जानेवारी

तो भाग कापून नवं प्लायवुड बसवायला हवं. आज जमलं नाही. कालही नव्हतं जमलं.

खरं सांगायचं तर तिथे टेकून बसायला बरं वाटतं. पाठीला गार लागतं. चहाचा कप घेऊन बसते आणि बोलत राहते. केरिन लहानपणी गोगलगायी खिशात घालून निजायची ते सांगितलं. रॉसच्या आजारपणात मी तिला कळवलं नाही, तेव्हापासून ती कशी तुटली तेही सांगितलं. भिंतीशी बोलणारी बाई म्हणजे वेडी, हे मला कळतं. पण या गावात क्लेम सोडला तर माझं नाव कोणी घेत नाही, आणि भिंत ऐकून घेते. मी गप्प झाले की आत काहीतरी हलकेच झिरपतं, पुढे काय झालं असं विचारल्यासारखं.

२१ जानेवारी

आज ओढलेली रेघ उभी आहे. माझ्याच उंचीची, माझ्याच रुंद खांद्यांची.

भ्याले. करवत घेतली आणि सगळा तुकडा कापून काढला. आतलं लाकूड कोरडं ठणठणीत, एक पाचर सडलेली नाही. कापलेला तुकडा गवतावर नेऊन वाजवला, तोही खणखणीत. जेवून आले आणि दाराजवळची भिंत ठोकली.

बसकी.

२४ जानेवारी

पाणी नेमकं कुठून गळायचं ते विचारायला क्लेमने आयव्हीच्या भाच्याला फोन लावला. भाचा म्हणाला, मावशीला कॅरॅव्हॅन आठवत नाही. क्लेम आठवत नाही. सख्ख्या बहिणीचं नावही नाही. दिवसभर पाण्याचे पेले रिचवत बसते, आणि अंग असं गार की पांघरूण घालणाऱ्याचा हात बधिर व्हावा. म्हातारपण, दुसरं काय, असं क्लेम म्हणाला.

मी परत येऊन दाराजवळ उभी राहिले आणि मोठ्याने विचारलं, आयव्ही, तू गेलीच नाहीस का गं?

झिरपणं थांबलं.

२७ जानेवारी

केरिनचा फोन आला! क्लेमच्या कचेरीत. आवाज ऐकूनच तिला कळलं की मी ठीक नाही. "ती पेटी सोड तिथेच आई. रविवारी मी येते न्यायला. आतली खोली रिकामी केलीय तुझ्यासाठी." खोली म्हणाली. घरात. मी कचेरीत उभ्या उभ्या रडले, क्लेम बिचारा खिडकीबाहेर बघत राहिला.

तोवर निजायला मात्र जागा ही एकच. घाईघाईने परतले आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. केरिन, रविवार, खोली. कोणाला सांगितलं ते नंतर ध्यानात आलं. सांगायला नको होतं.

२९ जानेवारी

सगळ्या भिंती ठोकल्या. छप्पर, जमीन, कपाटांच्या पाठी. सगळं खणखणीत. ओल कुठेच नाही.

मग गेली कुठे?

घसा बसलाय. पाठ ओली. उठताना फ्रॉक भिंतीला चिकटतो, सोडवावा लागतो. सहज छातीच्या हाडावर पेर वाजवलं —

नको. लिहिणार नाही ते.

३० जानेवारी

क्लेम बाहेरून ओरडून गेला. सकाळी नळाशी भेटलीस, हाक मारली तर बघितलंही नाहीस, शिष्ट झालीस का गं, म्हणाला.

मी सकाळपासून आत, भिंतीलगतच्या या बाकावर आहे. उठता येत नाही. पाठ सुटत नाही — हात तेवढा चालतो.

बंबभर पाणी पीत होतीस, म्हणाला.

रविवार

गाडी आली. खिडकीतून दिसते. केरिन. केस कापलेत तिने.

हाक मारली. आवाज निघतो पण बसका — लाकडातून यावा तसा —

कोणीतरी धावत गेलं तिच्याकडे. माझा फ्रॉक. माझी चाल. केरिनने मिठी मारली. "किती गार पडलीस गं आई." केरिन रडते आहे. माझ्या फ्रॉकातली ती तिला गोगलगायींचं सांगते आहे. माझ्या आवाजात. केरिन हसली. किती वर्षांनी —

क्लेम पिशवी उचलतोय. क्लेम, तोंड बघ तिचं, नीट बघ —

केरिन इकडे आली. बाहेरून भिंतीला हात लावला. माझ्या गालावरच. ओली आहे, म्हणाली. माझ्या फ्रॉकातली म्हणाली, राहू दे, चल.

दार लागलं गाडीचं.

केरिन, ती खोली तू माझ्यासाठी — केरिन, मी अजून इथं —