छपरीत बांधलेलं घर

तुमसर
५ डिसेंबर २०२३

ती. धुरपता आत्यास,
हर्षाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू जेवली का एवढंच विचारतेस आणि ठेवून देतेस. नोकरीचं सगळं लिहून पाठव, दुपारी चष्मा लावून निवांत वाचीन, असं तूच म्हणालीस. म्हणून हे पत्र.

इथल्या बेघर निवाऱ्यात मी केस मॅनेजर आहे. नाव मोठं, काम असं की, जो येईल त्याच्याशी बोलायचं, त्याची औषधं, आधार कार्ड, काम यांचं बघायचं आणि कुणी नातलग सापडले तर त्याला घरी पोचवायचं. पहिल्या दिवशी मी परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारले. एक आजोबा माझ्यासमोरच झोपून गेले. आमचे प्रमुख चंद्रकुमार सर म्हणाले की, बाई, आधी यांच्यासंग चहा पी, प्रश्न आपोआप येतील.

निवाऱ्याच्या मागे राइस मिल आहे. दुपारच्या उन्हात कोंडा उडत राहतो आणि सगळी हवाच सोनेरी दिसते. अशा वेळी दारापुढच्या छपरीत दोघं जण बसलेले असतात. परसरामबाबा, मिलमध्ये पोती वाहून कंबर वाकलेले. बायको गेल्यावर मुलाच्या घरून निघाले ते निघालेच. आणि शकुनबाई, जन्मभर दुसऱ्यांच्या घरचा स्वयंपाक केला, आता आमच्या स्वयंपाकघरात हात लावतात. दोघं हळू आवाजात एका घराबद्दल बोलतात. चूल दारापासून लांब पाहिजे, असं त्या म्हणतात. बाबा घरामागच्या सांदवाडीत वालाचे वेल चढवतात. मला वाटलं, चला, पत्ता सापडला. पेन काढून मी गावाचं नाव विचारलं, तर दोघं हसले. म्हणाले, पोरी, ते अजून बांधून राहिलो आम्ही.

बाबांचा मुलगा मनिष मला सापडला आहे. तुझ्या जवळच, कोंढ्याला राहतो. येत्या रविवारी न्यायला येतोय. माझी पहिलीच केस, आणि बघ कशी सुटली!

तुझी माया अशीच तुमसरकडे वळती ठेव.

तुझी,
हर्षा


आसगाव
१३ डिसेंबर २०२३

चि. हर्षा हिस,
आत्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

मी जशी बोलते तशीच लिहिते, हसू नको. तुवं पत्र वाचून मले लय बरं वाटलं. आपली हर्षा लोकायले घरी पोचवून राहिली, अशी मी साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरली. लहानपणी तुले मामाच्या घरून आणाले मले जावं लागे, इतकी तू रस्ता चुकणारी.

बापानं लेकापाशी राहावं, हेच बराबर हाय. बाकी त्या दोघायचं घर-बिर बांधणं मले काही पटलं नाई. या वयात बाईमाणूस अन् बाप्या छपरीत बसून घर कायले बांधतात? लोक काय म्हणतीन? तू नवीन हायेस, तुझ्यावर नाव येईन. ध्यान ठेव.

इकडे धान चुरून झाला, पोती भरली. थंडी बम पडून राहिली. स्वेटर घालत जा, फॅशन नको पाहू.

जीव लावत राहा बापा.

तुझी आत्या,
धुरपता


तुमसर
४ जानेवारी २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मनिषदादा आले. बापाच्या पायावर डोकं ठेवून रडले. सगळ्यांसमोर मी बाबांना विचारलं, जायचं ना घरी? त्यांनी मान हलवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शकुनबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

आता दुपारी त्या एकट्याच छपरीत बसतात, डोळे अर्धे मिटून. मी जवळ जाऊन ऐकलं. ओठातल्या ओठात शकुनबाई त्याच घरात फिरत असतात. ही खोली झाडली, तिथलं पाणी भरलं, आता अंगणात सडा. नवीन मात्र काही बांधत नाहीत. ऊन त्यांच्या पायांवरून सरकून भिंतीवर चढतं तरी त्यांना कळत नाही. जेवण दोन घास.

परवा मी आग्रह केला तेव्हा बोलल्या. म्हणाल्या, तुनं त्याले विचारलं, पण पोराच्या तोंडासमोर विचारलं. अथी बाप दुसरं काय म्हणन? अन् मले तं कोणी विचारलंच नाई. आत्या, मी त्यांच्या भल्याचं करायला निघाले होते गं.

कोंढा तुला हाकेच्या अंतरावर. एकदा जाऊन ये. बाबांना एकटं गाठून विचार. माझ्यासाठी एवढं कर.

रागावलीस तरी पत्र टाक, गप्प बसू नकोस.

हर्षा


आसगाव
१५ जानेवारी २०२४

चि. हर्षास,
जयभीम अन् आशीर्वाद. वि. वि.

गेली होती. मनात होतं, सून छळत असन तं चार गोष्टी सुनवून येईन. तं झालं उलटंच. सून गुणाची. सासऱ्याले आंघोळीले गरम पाणी, पलंगावर नवी चादर. मले जेवल्याबिगर सोडलंच नाई.

जेवून झाल्यावर मी परसरामले म्हणलं, चाल गा, बोडीकडे पाय मोकळे करू. धानाच्या बांध्यायमंधी लाखोरी फुलली हाय, निळीनिळी, जसं आभायच खाली उतरलं. पाळीवर बसलो. मंग मी विचारलं. त्यानं एक खडा बोडीच्या पाण्यात टाकला. मंग म्हणाला, अथी काहीच कमी नाई बाई, पण मी पाहुणा हावो. चांगला पाहुणा, पण पाहुणाच. दुपारी डोळे मिटले का तथी जातो, छपरीत. त्या घराचं दार उघडं दिसते, पण आतून आवाज येत नाई.

मले आधी हसू आलं. मंग नाई आलं.

निघताना त्यानं हळूच विचारलं का, शकुननं छत कायचं ठरवलं? त्याचं म्हणणं, मातीच्या कवेलूचं पाहिजे. तिले सांग.

मागच्या पत्रात मी लोक काय म्हणतीन ते लिहिलं होतं, तेवढ्या ओळी खोडून टाक. पण मनिष काही सहज सोडणार नाई, हे मी पाहून आली.

तू रडत बसू नको. काम शिकाचं असन तं शिक.

आत्या


तुमसर
१९ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी शकुनबाईंना वाचून दाखवलं. छताची ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग पदरात तोंड लपवून म्हणाल्या की, कवेलू चालन, पण दर साली फेरायचे त्यानंच, मी शिडीवर चढणार नाई. त्या दिवशी पोटभर जेवल्या.

मग मी स्वयंपाकघराचं दार लोटून, कुणी नसताना, त्यांना विचारलं. म्हणाल्या, लग्न-बिग्न नाई, बांगड्या-कुंकू नाई. दोन खाटा अन् एक चूल. तेवढं होईन का?

मागच्या मिलच्या मालकांना चौकीदार हवा होता. मागे एक खोली आहे. मी विचारायला गेले तर ते अडले, म्हणाले नवराबायको नाहीत, उद्या मला लोकं विचारतील. चंद्रकुमार सर पुढे झाले आणि म्हणाले की, या दोघांचा जिम्मा माझा, कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा. बाहेर आल्यावर मला म्हणाले, आता तू चहा प्यायला शिकलीस.

आता सगळं मनिषदादांवर आहे. तूच बोल त्यांच्याशी. त्यांचंही मन मोडू नये असं वाटतं.

तुझ्या भरवशावर,
हर्षा


आसगाव
४ मार्च २०२४

चि. हर्षास,
जयभीम. वि. वि.

कोंढ्याले जाऊन सांगतलं, तं मनिष भडकला. बाप दुसऱ्यांदा घरून गेला तं गाव मले तोंड दाखवू देणार नाई, म्हणे. तेवढ्याचा जवाब माझ्यापाशी होता. पण मंग तो म्हणाला, माझ्या मायच्या जागी ते बाई काहून?

तवा परसरामच बोलला. हळूच. म्हणाला, तुझी माय माझ्यापाशीच हाय बेटा, तिले मांगं ठेवून नाई चाललो मी. तिच्या जागी कोणीच नाई. मले फक्त दिवस बुडता बुडता कोणासंग बोलाचं हाय.

मनिष उठून वावरात गेला तो अंधार पडेपर्यंत आला नाई. मी राती तथीच थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यानंच बापाचं गाठोडं उचललं अन् भंडाऱ्याच्या एसटीत नेऊन बसवलं. खिडकीशी उभा राहिला. गाडी हलली तरी तसाच उभा. मी खांद्यावर हात ठेवला, तं म्हणे, धूळ गेली डोळ्यात.

परसराम पोचला का लगेच कळव.

आत्या


तुमसर
८ एप्रिल २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर कळवलं तेवढं पुरेसं नाही, म्हणून लिहिते. दोघं मिलच्या खोलीत नीट राहतायत. मधूनमधून मी जाते. मोहफुलं वाळत घालायचे दिवस, त्यांच्या वासानं सगळी दुपार गुंगीत असते. घर कुठवर आलं, असं मी एकदा विचारलं. शकुनबाई म्हणाल्या, आता कोणाले टाइम हाय, पाणी भराचं रायते, भांडी रायतात. मला जराशी चुटपुट लागली. छपरी आता रिकामी असते ना.

पण खरं सांगायचं ते कालचं. काल रविवारी गेले तर दारात चपला. मनिषदादा आले होते, न कळवता, सकाळच्या गाडीनं. बराच वेळ उंबरठ्यावरच उभे होते म्हणे, आत या म्हटलं तरी येईनात. मग शकुनबाईंनी ताट वाढून ठेवलं आणि स्वतः बाहेर जाऊन बसल्या. बापलेक जेवले.

मी पोचले तेव्हा दादा बाबांच्या खाटेवर झोपले होते. गाढ, लहान पोरासारखे, हात उशाखाली घालून. बाबा शेजारी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होते. मला पाहून ओठांवर बोट ठेवलं, आणि अगदी हळू आवाजात, पण केवढ्या रुबाबात म्हणाले, पाहुणा आला हाय माझ्या घरी, दमून झोपला, उठला का चहा ठेवू.

मी पावलं न वाजवता बाहेर शकुनबाईंजवळ जाऊन बसले.

सुट्टी मिळाली की येते. तोवर माझ्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
हर्षा